गालाच्या कॅन्सरला प्रोटॉन: शेत विकण्याआधी

मोहोळ तालुक्यातल्या एका मुलाचा प्रश्न आहे. वडील ५८ वर्षांचे. उजव्या गालाच्या आतल्या बाजूच्या कॅन्सरचं ऑपरेशन होऊन तीन आठवडे झाले. रिपोर्टमध्ये गाठ साडेतीन सेंटिमीटरची, खोली १२ मिलिमीटर. कडा मोकळ्या आहेत, मानेतून काढलेल्या ३२ लसीका गाठींपैकी एकीत कॅन्सर सापडला, पण तो गाठीचं आवरण फोडून बाहेर आलेला नाही. मज्जातंतूभोवती मात्र कॅन्सरच्या पेशी दिसल्यात. सर्जननी शेक, म्हणजे किरणोपचार, घ्यायला सांगितलाय. पुण्यातले चुलते म्हणतात, “सोलापुरात शेक दिला तर तोंड भाजून निघेल, चेन्नईला प्रोटॉन घ्या, त्याला साइड इफेक्टच नाहीत.” दोन एकर विकायला गिऱ्हाईकही आलंय. मुलगा विचारतो: विकू का? शिवाय कार्बन नावाचं त्याहून भारी काही आहे, असं ऐकलंय, ते खरं का? आणि शेक चालू असताना नातू आजोबांजवळ झोपला तर चालेल का?

मी सोलापुरात किरणोपचाराचं काम करतो, त्यामुळे हा प्रश्न मला ओपीडीत वेगवेगळ्या तोंडांनी ऐकायला मिळतो. या रिपोर्टवर माझं उत्तर: शेत विकू नका. वडिलांना चांगल्या आयएमआरटी मशीनवर (नेमक्या जागी एक्स-किरण देणारी पद्धत, पुढे सांगतो), जवळच्या जवळ आणि वेळेत शेक द्या. आज तुमची खरी अडचण मशीनची नाही, कॅलेंडरची आहे.

नातवाचं आधी सांगून टाकतो, कारण घराघरात यावरून म्हाताऱ्या माणसाची ताट-वाटी वेगळी केली जाते. बाहेरून दिलेल्या किरणांनी माणूस किरणोत्सर्गी होत नाही. मशीन बंद झालं की किरणं संपली. प्रोटॉनमध्ये शरीरातले काही अणू थोड्या वेळापुरते किरणोत्सर्गी होतात, पण तेही इतकं कमी आणि इतक्या लवकर विरणारं असतं की घरच्यांना त्याचा काही त्रास नाही. नातू खुशाल जवळ झोपू दे.

आता प्रोटॉन म्हणजे काय. आपल्याकडचा लिनॅक, म्हणजे शेकाचं नेहमीचं मशीन, देतो ते एक्स-किरण, म्हणजेच फोटॉन. त्यांना वजन नसतं. ते कातडीखाली थोड्या अंतरावर सर्वाधिक ऊर्जा टाकतात, मग कमी कमी करत जातात आणि दुसऱ्या बाजूने बाहेर पडतात. प्रोटॉन हा हायड्रोजनचा केंद्रक, त्याला वजन आहे आणि विद्युतभारही. तो आत शिरताना थोडी थोडी ऊर्जा सोडतो, वेग मंदावेल तशी जास्त सोडतो आणि थांबायच्या जागी उरलेली बहुतेक सगळी टाकून तिथेच संपतो. एक्स-किरण म्हणजे प्रत्येक फाट्यावर माणसं उतरवत पुढच्या गावी जाणारा लाल डबा, तर प्रोटॉन ही जवळजवळ सगळे प्रवासी शेवटच्या थांब्यावर उतरवून तिथेच उभी राहणारी विनाथांबा गाडी. थांबायच्या जागेवरचा हा ऊर्जेचा उंचवटा विल्यम ब्रॅग यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला दाखवला, म्हणून त्याला ब्रॅग पीक म्हणतात. तो कॅन्सरवर वापरता येईल, असं रॉबर्ट विल्सन या भौतिकशास्त्रज्ञाने १९४६ साली लिहिलं आणि १९५४ मध्ये अमेरिकेत बर्कलीला पहिल्या रुग्णावर उपचार झाले. म्हणजे ही कालपरवाची जादू नाही, सत्तर वर्षांची जुनी विद्या आहे. रुग्णालयातच बसवलेलं पहिलं मशीन मात्र १९९० मध्ये कॅलिफोर्नियात लोमा लिंडाला आलं आणि भारतात चेन्नईच्या अपोलोमध्ये २०१९ ला. टाटा मेमोरियलच्या खारघरच्या केंद्रात २०२३ पासून रुग्णांना प्रोटॉन मिळतो. चुलत्यांना कदाचित हे माहीत नसेल, पण प्रोटॉनच घ्यायचा झाला तरी आता चेन्नई हा एकमेव रस्ता उरलेला नाही.

तोंड-घशाच्या भागात या थांबण्याला मोल का आहे, तर जागा फार दाटीची. लाळग्रंथी, जबड्याचं हाड, गिळण्याचे स्नायू, मणक्यातली मज्जारज्जू, मेंदूचा देठ, डोळ्याची नस, सगळं काही सेंटिमीटरच्या आत. ग्रे हे किरणांच्या डोसाचं माप. मज्जारज्जूला साधारण ४५ ते ५० ग्रेच्या वर नेत नाही आणि मेंदूच्या देठाला, डोळ्याच्या नसेला ५४ ग्रेच्या आसपास थांबतो. पण कवटीच्या तळाशी कॉर्डोमासारखी गाठ असली तर तिला ७० ग्रेच्या वर डोस लागतो आणि ती गाठ मेंदूच्या देठाला खेटून बसलेली असते. तिथे एक्स-किरणांची दमछाक होते. असा रुग्ण आला की मी स्वतः प्रोटॉनसाठी चिठ्ठी लिहून देतो.

तुमच्या वडिलांचं तसं नाही. ऑपरेशननंतर गालाच्या जागेला आणि मानेला द्यायचा डोस ६० ग्रे, रोज २ ग्रेप्रमाणे ३० वेळा, सोमवार ते शुक्रवार, सहा आठवडे. कडा मोकळ्या आणि गाठीचं आवरण शाबूत असल्यामुळे सोबत सिस्प्लॅटिन या केमोच्या औषधाचं सलाईन लागू नये, असं रिपोर्ट सांगतो. शेवटचा निर्णय तिथल्या डॉक्टरांचा, पण ही चांगली बातमी आहे, ती ऐकून घ्या. ६० ग्रे हा डोस मज्जारज्जू आणि मेंदूचा देठ सांभाळून गालाला देणं आयएमआरटीला रोजचं काम आहे.

आयएमआरटी म्हणजे किरणांचा झोत बारीक पट्ट्यांनी कापून, अनेक कोनांतून, हव्या त्या जागी जास्त आणि नको तिथे कमी डोस देण्याची पद्धत. तुमच्या चुलत्यांनी कुणाचं तरी भाजलेलं तोंड पाहिलं असेल, तर बहुतेक ते जुन्या पद्धतीच्या दोन बाजूंनी दिलेल्या शेकाचं असेल. कोबाल्ट या जुन्या मशीनच्या काळात दोन्ही बाजूंच्या लाळग्रंथी सरसकट जळायच्या. ब्रिटनमध्ये पार्सपोर्ट नावाची चाचणी झाली, २०११ साली तिचे निकाल आले. वर्षभरानंतर तोंड त्रासदायक कोरडं राहिलेल्या रुग्णांचं प्रमाण जुन्या पद्धतीत ७४ टक्के, आयएमआरटीत ३८ टक्के. एवढी मोठी उडी जुन्या पद्धतीपासून आयएमआरटीपर्यंत आहे. आयएमआरटीपासून प्रोटॉनपर्यंतची उडी तुमच्या वडिलांसारख्या रुग्णात एवढी मोठी नसते. म्हणून “प्रोटॉन की साधं” हा प्रश्न विचारण्याआधी “आयएमआरटी की जुनी पद्धत” हे विचारा. एखाद्या ठिकाणी फक्त कोबाल्ट असेल, तर तिथे नको म्हणा.

प्रोटॉनच्या बाजूने जे बोलायला हवं, तेही बोलतो. वडिलांचा कॅन्सर एका बाजूचा आहे. फक्त उजवा गाल आणि उजवी मान यांनाच शेक द्यायचं ठरलं, तर प्रोटॉन डावीकडे जवळजवळ काहीच सांडत नाही. जिभेचा उरलेला भाग, डावी लाळग्रंथी, टाळू यांना आयएमआरटीत थोडा डोस जातो, प्रोटॉनमध्ये बराच कमी. त्यामुळे चव जाणं, मळमळ, तोंड येणं यांत काही आठवड्यांचा फरक पडू शकतो. फायदा खरा आहे. पण दोन एकर जमीन देऊन घ्यावा इतका मोठा मला तो वाटत नाही, कारण एकाच बाजूचा शेक असताना आयएमआरटीमध्येही डावी लाळग्रंथी बऱ्यापैकी वाचवता येते. कानाजवळच्या दोन मोठ्या लाळग्रंथींपैकी एक २६ ग्रेच्या सरासरीखाली ठेवली तरी लाळ पुष्कळशी परत येते.

“साइड इफेक्टच नाहीत” हे मात्र साफ चूक. ज्या जागेवर ६० ग्रे जायचे, त्या जागेवर ते जाणारच, किरण कुठलाही असो. उजव्या गालाची आतली त्वचा तिसऱ्या आठवड्यात सोलणारच. बाहेरची कातडी तर प्रोटॉनमध्ये कधी कधी जास्त काळवंडते, कारण लिनॅकचे एक्स-किरण कातडीच्या थोडं खाली जाऊन जोर धरतात आणि कातडीला थोडी सूट मिळते. प्रोटॉनमध्ये ती सूट कमी.

आणखी एक गोष्ट जाहिरातीत येत नाही. प्रोटॉनचं थांबणं हेच त्याचं बळ, आणि अडचणही तीच. समजा ऑपरेशननंतरची गालावरची सूज १ सेंटिमीटरने उतरली. एक्स-किरणांच्या डोसात त्यामुळे तीन-चार टक्क्यांचा फरक पडेल. प्रोटॉन मात्र सरळ सेंटिमीटरभर पुढे जाऊन थांबेल, म्हणजे नको त्या जागी. ताज्या ऑपरेशनचा गाल, मांडीवरून किंवा छातीवरून आणून लावलेलं मांस, आठवड्याला उतरणारं वजन, जबड्याला लावलेली टायटॅनियमची पट्टी, दातांतली चांदी, हे सगळं प्रोटॉनच्या फिजिसिस्टची झोप उडवणारं असतं. तिथे मधूनमधून पुन्हा सीटी काढून प्लॅन बदलावा लागतो. चांगली केंद्रं ते करतातच. पण ते काम चोख झालं नाही, तर भारी मशीनवरचा शेक साध्या मशीनपेक्षा वाईट ठरू शकतो.

आता अभ्यास काय म्हणतात. अमेरिकेत घशाच्या, म्हणजे टॉन्सिल आणि जिभेच्या मुळाच्या कॅन्सरवर एक मोठी चाचणी झाली, ४४० रुग्णांची. निम्म्यांना प्रोटॉन, निम्म्यांना आयएमआरटी. तीन वर्षांनी आजार आटोक्यात राहण्याचं प्रमाण दोन्हीकडे जवळपास सारखं. अन्नासाठी पोटात घातलेल्या नळीवर अवलंबून राहावं लागलेले रुग्ण प्रोटॉनमध्ये साधारण २८ टक्के, आयएमआरटीत ४२ टक्के. पुढे पाच वर्षांच्या निकालात जगण्याचं प्रमाणही प्रोटॉनच्या बाजूने झुकलं. ब्रिटनमधल्या टॉर्पेडो चाचणीत मात्र वर्षभरानंतर नळीची गरज आणि रुग्णाला जाणवणारा त्रास यांत दोन्ही गटांत फरक दिसला नाही. एकाच आजारावर दोन चांगल्या चाचण्या आणि दोन सूर. तज्ज्ञ त्यावर अजून भांडताहेत, भांडू द्या.

पण मुद्दा वेगळाच आहे. त्या चाचण्यांतले बहुसंख्य रुग्ण एचपीव्ही विषाणूमुळे झालेल्या घशाच्या कॅन्सरचे होते, ऑपरेशन न केलेले, केमो आणि शेक सोबत घेणारे, मानेच्या दोन्ही बाजूंना ७० ग्रेच्या आसपास डोस लागणारे. आपल्याकडचा गालाचा कॅन्सर हा मावा, गुटखा, तंबाखू-चुना आणि मिश्री यांचा. गालात जिथे बार धरायचा, नेमका तिथे होणारा. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे, टपरीवर ती किती दिसते हे तुम्हाला माझ्याइतकंच ठाऊक. या कॅन्सरला आधी ऑपरेशन, मग शेक. त्या आजाराचे आकडे उचलून या आजारावर लावायचे नसतात. ऑपरेशन झालेल्या गालाच्या कॅन्सरमध्ये प्रोटॉनने माणूस जास्त जगतो, असं म्हणायला हातात पुरावा नाही.

याचा सगळ्यात बोलका दाखला जपानचा आहे. कणांच्या उपचारात तो देश सगळ्यांच्या पुढे. कार्बनचं पहिलं वैद्यकीय मशीन त्यांनी चिबाला १९९४ मध्ये सुरू केलं. २०१८ मध्ये तिथल्या सरकारी विम्याने डोकं-मानेच्या कॅन्सरसाठी प्रोटॉन आणि कार्बनचा खर्च द्यायला सुरुवात केली, पण एक वगळणूक ठेवून: तोंडाचा आणि घशाचा स्क्वॅमस प्रकारचा, म्हणजे आतल्या त्वचेच्या पेशींतून होणारा, कॅन्सर यात धरला नाही. तुमच्या वडिलांच्या रिपोर्टवर हाच स्क्वॅमस शब्द आहे. मशीन दाराशी असलेल्या देशाने जे पैसे द्यायचे टाळले, ते तुम्ही जमीन विकून का द्यावेत?

कार्बनबद्दल विचारलंत. कार्बनचा केंद्रक प्रोटॉनच्या बारापट जड. तो थांबण्याच्या जागी इतका दाट मारा करतो की पेशीच्या डीएनएच्या दोन्ही पट्ट्या तुटतात आणि दुरुस्ती अवघड होते. प्रोटॉनची मारकशक्ती एक्स-किरणांच्या १.१ पट धरतात, कार्बनची दोन-तीन पट. ऑक्सिजन कमी असलेल्या, एक्स-किरणांना दाद न देणाऱ्या गाठींवरही तो चालतो. लाळग्रंथीचा ॲडेनॉइड सिस्टिक कॅन्सर, नाकातला मेलॅनोमा, हाडाचा सार्कोमा अशा हट्टी आजारांत जपान आणि जर्मनीने त्याचा चांगला उपयोग केला. पण जी ताकद गाठीला मारते, ती शेजारच्या चांगल्या हाडालाही सोडत नाही, आणि कार्बन थांबल्यावर त्याचे तुकडे थोडे पुढेही जातात. मशीनचा आवाका तर विचारू नका: जर्मनीत हायडेलबर्गला हा झोत रुग्णाभोवती फिरवणारा सांगाडा ६७० टनांचा आहे. भारतात कार्बन अजून मिळत नाही. कुणी एजंट फोटो दाखवून परदेशी घेऊन जातो म्हणत असेल, तर त्याला चहा पाजून परत पाठवा.

जाता जाता: जड कण म्हणजे चांगलेच, हा समज एकदा महागात पडलेला आहे. लाळग्रंथीच्या कॅन्सरवर वेगवान न्यूट्रॉन वापरून पाहिले गेले. गाठी आटोक्यात येत होत्या, पण पुढे वर्षा-दोन वर्षांनी हाडं, कातडी, नसा यांचे जे हाल झाले, त्यामुळे बहुतेक केंद्रांनी ते बंद केलं.

मग प्रोटॉनसाठी सोलापूरहून कुणाला पाठवतो? लहान मुलांना तर नक्की, कारण वाढत्या जबड्याला आणि मेंदूला चुकून गेलेला प्रत्येक ग्रे पुढे हिशेब मागतो. कवटीच्या तळाच्या गाठी. नाकाच्या आणि सायनसच्या, डोळ्याला चिकटलेल्या गाठी. नसेच्या कडेने कवटीकडे चढत गेलेला ॲडेनॉइड सिस्टिक. आणि ज्यांना एकदा पूर्ण शेक झालाय आणि त्याच जागी आजार परत आलाय असे. अक्कलकोटकडच्या एक शिक्षिका होत्या, टाळूच्या ॲडेनॉइड सिस्टिकच्या, नसेतून आजार वर गेलेला. त्यांना मी इथे एक दिवसही थांबू दिलं नाही, खारघरला पाठवलं. उलट विडी घरकुलातल्या, आयुष्यभर विड्या वळलेल्या आणि मिश्री लावलेल्या बायका गालाच्या ऑपरेशननंतर येतात, त्यांना मी इथेच शेक देतो आणि त्यांना काही कमी दिलं असं मला वाटत नाही.

नेदरलँड्समध्ये यावर एक शहाणी पद्धत आहे. रुग्णाचे दोन्ही प्लॅन कॉम्प्युटरवर बनवतात, एक्स-किरणांचा आणि प्रोटॉनचा. कोरडं तोंड किंवा गिळण्याचा मध्यम त्रास होण्याची शक्यता प्रोटॉनने निदान १० टक्क्यांनी कमी होत असेल, तरच प्रोटॉन. तुमच्या मनात शंका उरणार असेल, तर सीटी आणि रिपोर्ट प्रोटॉन केंद्राकडे पाठवून नेमकं हेच विचारा: माझ्या वडिलांच्या बाबतीत दोन्ही प्लॅनची तुलना करून द्या, कुठल्या अवयवाला किती ग्रे कमी जातात ते आकड्यांत सांगा. खर्चाचा आकडाही लेखी घ्या. खासगी केंद्रात तो दोन आकडी लाखांत जातो. त्यात सहा-सात आठवडे परमुलखात भाड्याची खोली, दोन माणसांचं खाणं आणि बुडालेली मजुरी धरलेली नसते. इथे महात्मा जोतिराव फुले योजनेत किरणोपचाराची पॅकेजेस आहेत. रेशनकार्ड आणि आधार घेऊन दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला भेटा, त्याच दिवशी कळेल. पण ही विचारपूस करताना इकडची तयारी थांबवू नका.

कारण आता कॅलेंडर. ऑपरेशनपासून सहा आठवड्यांच्या आत शेक सुरू व्हावा, असं सगळीकडचं धोरण आहे. तुमचे तीन गेले. ऑपरेशनच्या दिवसापासून शेवटच्या शेकापर्यंतचा सगळा प्रवास साधारण १२ आठवड्यांत संपला, तर आजार परत येण्याची शक्यता कमी राहते. चेन्नईला अपॉइंटमेंट, नव्याने स्लाइड तपासणी, प्लॅनिंग, मशीनवर नंबर लागणं आणि इकडे जमिनीचं खरेदीखत, हे सगळं तीन आठवड्यांत बसवून दाखवा. माझ्याकडे असे रुग्ण आलेत जे मोठ्या शहराच्या रांगेत दोन-अडीच महिने घालवून परत सोलापुरात आले, तेव्हा मानेत नवी गाठ हाताला लागत होती.

सुरू झाल्यावर खंड नको, हे त्याहून महत्त्वाचं. चौथ्या आठवड्यानंतर उरलेल्या कॅन्सरपेशी जास्त वेगाने वाढू लागतात. त्या वाढीची बरोबरी करायला दिवसाला सुमारे ०.६ ग्रे जादा लागावेत, असा जुना हिशेब आहे. एक दिवस लांबला की आजार ताब्यात राहण्याची शक्यता साधारण एका टक्क्याने खाली येते. आता आपल्या जिल्ह्यात दिवस कशाने बुडतात? आषाढीला दिंडी दारावरून जाते, पाय घरात ठरत नाहीत. जानेवारीत गड्ड्याची यात्रा. सुगीला घरात माणूस नसतो. पुतण्याचं लग्न. आणि तिसऱ्या आठवड्यात तोंड आलं की “चार दिवस आराम देऊ, अंगात ताकद येऊ दे” असं घरचेच ठरवतात. तोंड येणं हे शेक थांबवण्याचं कारण नाही, औषध वाढवण्याचं आहे. मशीन बिघडलं किंवा सुट्टी आली, तर शनिवारी किंवा एका दिवसात सहा तासांच्या अंतराने दोनदा देऊन भरून काढता येतं. ते डॉक्टरांकडे मागून घ्या. मोहोळहून सोलापूर तासाभराचं, वडील संध्याकाळी घरी जाऊन आपल्या अंथरुणावर झोपतील. दिवस न बुडवण्यासाठी याहून मोठी सोय नाही, आणि जवळ राहायला सांगतो ते यासाठीच.

तयारीत पहिला नंबर दातांचा, आणि तो याच आठवड्यात. मिश्री-तंबाखूवाल्यांचे खालचे दात बहुधा हललेले असतात. काढायचे असतील ते आत्ताच काढा, कारण जखम भरायला १० ते १४ दिवस लागतात आणि तुमच्याकडे एवढेच दिवस शिल्लक आहेत. शेक झालेल्या जबड्यातला दात पुढे विचार न करता काढला, तर हाड सडू शकतं. यापुढे आयुष्यभर कुठल्याही दातांच्या डॉक्टरला आधी सांगायचं: इथे ६० ग्रे झालेत.

दुसरं तोंड उघडणं. ऑपरेशन झालंय, वर शेक येतोय. व्यायाम केला नाही तर सहा महिन्यांत दोन बोटंही आत जाणार नाहीत. आइस्क्रीमच्या लाकडी काड्या एकावर एक ठेवून दाढांमध्ये धरायच्या, दिवसातून पाच-सहा वेळा, आठवड्याला एक काडी वाढवता आली तर वाढवायची. दुखेल. तरी करायचं.

खाण्याचं सांगतो. शेंगाचटणी आणि कडक भाकरी काही महिने ताटाबाहेर. ज्वारीची आंबील, मुगाचं पातळ वरण, दहीभात, मऊ खिचडी, दुधात कुस्करलेली भाकरी, अंडं चालत असेल तर दोन अंडी, शेंगदाण्याचं बारीक कूट दुधातून. दर सोमवारी वजन. दोन किलो उतरले की डॉक्टरांना त्याच दिवशी सांगा. नाकातून नळी घालायची वेळ आली तर घालून घ्या. ती हार नाही, चार-सहा आठवड्यांची सोय आहे. आणि सोलापूरचा एप्रिल-मे असेल, पारा ४२-४३ वर, तर पाणी घड्याळ लावून प्यायला द्या. तोंड आलेला माणूस पाणी टाळतो, आणि तिसऱ्या दिवशी सलाईन लावायला घेऊन यावं लागतं.

मीठ आणि खायचा सोडा घातलेल्या कोमट पाण्याच्या गुळण्या दोन-दोन तासांनी. मानेवर खोबरेल, हळद, कोरफड, बाम, जे शेजारीण सांगेल ते काही लावू नका, डॉक्टर देतील तेच. दाढी ब्लेडने नको. तंबाखूचा बार तर आजपासून बंद, “शेक संपल्यावर सोडतो” चालणार नाही. शेक चालू असताना विडी ओढणाऱ्यांत उपचाराचा गुण कमी येतो, हे अनेक अभ्यासांतून दिसलंय.

ज्या केंद्रात जाल, तिथे न लाजता चार गोष्टी विचारा. प्लॅन आयएमआरटीचा आहे का. रोज किंवा निदान आठवड्यातून काही वेळा मशीनवरच फोटो काढून जागा तपासता का. सूज उतरली, डोकं हलू नये म्हणून लावलेला मास्क सैल झाला तर पुन्हा सीटी आणि नवा प्लॅन करता का. मशीन बंद पडलं तर त्या दिवसांची भरपाई कशी करता. याची सरळ उत्तरं देणारा डॉक्टर सोलापुरात असो की बार्शीत, त्याच्याकडे जा. बार्शीचं नाव मुद्दाम घेतलं. तिथे १९८७ पासून देशातली पहिली ग्रामीण कॅन्सर नोंदणी चालते, कॅन्सरचं काम त्या गावाला नवं नाही.

मास्कच्या मापाला, म्हणजे सीटी सिम्युलेशनला जाताना ऑपरेशनच्या नोटा, बायोप्सीचा पूर्ण रिपोर्ट, ऑपरेशनच्या आधीचे सीटी किंवा एमआरआयचे फोटो सीडीसकट आणि दातांच्या डॉक्टरची चिठ्ठी न्या. ऑपरेशनच्या आधीचा फोटो लोक घरी ठेवून येतात, पण आम्हाला तोच सगळ्यात जास्त लागतो. गाठ नेमकी कुठे होती हे आता गालात पाहून कळत नाही, त्यावरूनच रेषा आखायची असते. आदल्या दिवशी दाढी-मिशी ट्रिमरने बारीक करून घ्या. मास्क त्या मापावर बसतो आणि सहा आठवडे तोच वापरायचा असतो. पुढे दर सहा महिन्यांनी थायरॉइडची टीएसएच तपासणी करत राहा, कारण मानेला शेक झाल्यावर ती ग्रंथी मंदावते आणि थकवा आला की घरचे त्याला अशक्तपणा समजतात.